युयायाकोच्या माथ्यावरचा उंदीर: नेमका कोण आणि राहतो कुठे?

शिळावाट (धागाकर्ती)

युयायाको हा चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा ज्वालामुखी, उंची ६७३९ मीटर. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या ऐन माथ्यावर, दगडांच्या आडोशाला एक उंदीर दिसला आणि तो हातानेच पकडला गेला. पकडणारे होते जीवशास्त्रज्ञ जे स्टॉर्झ आणि त्यांचे गिर्यारोहक सोबती मारिओ पेरेझ मामानी. प्रत्यक्ष नमुना हातात असलेल्या सस्तन प्राण्यांमध्ये याहून उंचावरची नोंद नाही. मोहीम निघाली त्यालाही कारण होतं: २०१३ मध्ये याच डोंगरावर ६२०५ मीटरवर गिर्यारोहकांना उंदीर दिसला होता आणि त्याचं चित्रीकरण झालं होतं.

या प्राण्याबद्दल मराठीत लिहिताना कुणी त्याला चिंचिला म्हणतं, कुणी डार्विनचा उंदीर, कुणी २०२० च्या शोधनिबंधातलं नाव तसंच उचलतं. म्हणून वर्गीकरण आणि अधिवास एका जागी यावेत यासाठी हा धागा. सुरुवात मी करते, जाणकारांनी भर घालावी आणि चूक दिसली तर दुरुस्त करावी.

वर्गीकरण असं: गण कृंतक, कुळ क्रायसेटिडी, उपकुळ सिग्मोडोंटिनी, त्यातली फिलोटिनी ही जमात, प्रजाती (जीनस) फिलोटिस, जाती (स्पीशीज) व्हॅक्करम. आपल्या घरातला उंदीर, शेतातली घूस, सह्याद्रीतले बहुतेक उंदीर हे सगळे म्युरिडी कुळातले. फिलोटिस दिसायला उंदीर असला तरी त्या कुळातला नाही. क्रायसेटिडी कुळातले प्राणी भारतात पाहायचे तर हिमालयात जावं लागतं, तिथले व्होल (उंदरासारखे, आखूड शेपटीचे प्राणी) या कुळातले.

चिंचिला आणि विस्काचा (अँडीजमधला सशासारखा दिसणारा कृंतक) तर आणखी लांबचे. ते गिनीपिगच्या शाखेतले, आणि त्या शाखेचे पूर्वज दक्षिण अमेरिकेत पोहोचून ४ कोटी वर्षं उलटून गेली. सिग्मोडोंटिनी उपकुळाचे पूर्वज त्या मानाने फार उशिरा, उत्तरेकडून आले. आज एकाच खडकाच्या एका कपारीत विस्काचा आणि दुसऱ्या कपारीत फिलोटिस दिसतो, पण नात्याने ते शेजारीच, भाऊबंद नव्हेत.

---

मोजपट्टी

नावाचा इतिहास मी मांडतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

फिलोटिस हे नाव जॉर्ज वॉटरहाउस यांनी १८३७ मध्ये दिलं. ग्रीक 'फिलॉन' म्हणजे पान आणि 'ओटिस' कानावरून. पानासारखे पातळ, मोठे कान. आधाराला नमुने होते ते डार्विन यांनी बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेले. त्यातला चिलीच्या कोकिंबो इथला उंदीर 'डार्विनी' झाला आणि पॅटागोनियातल्या सांता क्रूझ इथला 'झँथोपायगस'. झँथोपायगस म्हणजे पिवळ्या पुठ्ठ्याचा, पुठ्ठा म्हणजे शेपटीजवळचा पाठीचा भाग.

१९१२ मध्ये लंडनच्या संग्रहालयातले ओल्डफील्ड थॉमस यांनी एकाच वर्षात या प्रजातीतली बरीच नावं दिली. व्हॅक्करम, लिमॅटस, मॅजिस्टर, अँडियम ही सगळी त्या वर्षीची. व्हॅक्करम हे लॅटिन षष्ठीचं अनेकवचन, अर्थ 'गायींचा'. उंदराचा गायींशी काही संबंध नाही. नमुना अर्जेंटिनातल्या मेंदोसा नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या पुंता दे व्हाकास या ठिकाणचा होता, आणि त्या गावाच्या नावाचा अर्थ 'गायींचं टोक'.

पुढे १९५८ मध्ये ऑलिव्हर पिअर्सन यांनी प्रजातीची उजळणी केली आणि व्हॅक्करम, झँथोपायगस वगैरे बरेच प्रकार एकट्या डार्विनी जातीत उपजाती म्हणून घातले. त्यामुळे १९६० ते ८० या काळातल्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर जिकडेतिकडे 'फिलोटिस डार्विनी' दिसतं. १९८४ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी दोन तथाकथित उपजातींची गुणसूत्रं आणि प्रयोगशाळेतला संकर तपासला, आणि ही एक जात नाही हे पुढे येऊ लागलं. तेव्हा अँडीजचे उंच भागातले उंदीर डार्विनीतून निघून झँथोपायगसमध्ये गेले. २०२० च्या निबंधात माथ्यावरच्या उंदराचं नाव 'फिलोटिस झँथोपायगस रुपेस्ट्रिस' असं आहे ते या टप्प्यातलं.

मग डीएनए. २००७ च्या वंशवृक्षात दिसलं की झँथोपायगस नावाखाली ठेवलेले उंदीर एका फांदीवर बसतच नाहीत, मध्येच दुसऱ्या जाती येतात. म्हणजे तेही नाव एका मोठ्या गोणीसारखं वापरलं जात होतं. गोणी सोडायला सुरुवात झाली. खरा झँथोपायगस दक्षिणेकडे, पॅटागोनियात राहिला. २०२१ मध्ये उत्तर पॅटागोनियातली पेउएंचे ही नवी जात वेगळी झाली. आणि मेंदोसापासून उत्तर चिलीपर्यंतच्या उंच भागातल्यांना थॉमस यांचं ११० वर्षांपूर्वीचं व्हॅक्करम हे नाव परत मिळालं. युयायाकोच्या उंदरांना हे नाव २०२२ पासून सरसकट लावलं जातं.

तेव्हा एकच उंदीर, तीन काळांत तीन नावं. तिन्ही नावं आपापल्या काळात बरोबर होती. जुना मजकूर वाचताना आधी वर्ष बघा.

---

कुडाचा_पाला

मराठी नाव काय वापरायचं? 'पर्णकर्ण मूषक' फार संस्कृताळलेलं वाटतं, आणि 'पानकान्या' वाचून लहान मुलंही कान कसे असतील ते सांगतील.

---

शिळावाट

'पानकान्या उंदीर' प्रजातीसाठी छान आहे. जातीसाठी शास्त्रीय नावच ठेवू. 'पिवळ्या पुठ्ठ्याचा पानकान्या' हे झँथोपायगसचं भाषांतर होईल, आणि ती जात तर आता पॅटागोनियात गेली. इंग्रजी बातम्यांत जुनं सामान्य नाव अजून चालतं म्हणून आपणही चालवलं तर घोळ मराठीतही येईल.

---

रानसायली

हातात आल्यावर ओळखायचा कसा, यावर लिहिते. अल्तिप्लानोवर, म्हणजे अँडीजच्या उंच पठारावर, सापळा लावला तर त्यात पानकान्याच येईल असं नाही.

पानकान्याचं वजन साधारण ४० ते ६० ग्रॅम, म्हणजे आपल्या घरातल्या चिमुकल्या उंदराच्या तिप्पट तरी. शेपूट डोकं-धडाच्या लांबीइतकी किंवा थोडी जास्त, वरून गडद, खालून फिकी, आणि टोकाला केसांचा बारीक झुपका. कान पातळ, विरळ केसांचे. उजेडासमोर धरले तर त्यातल्या रक्तवाहिन्या दिसतात. पाठ करड्या-तपकिरी रंगाची, पुठ्ठ्याकडे पिवळसर-बदामी झाक, पोट राखी-पांढरं, पाय पांढरे, तळवे उघडे. मिशा लांब, मागे वळवल्या तर कानांपलीकडे जातात. दात एकूण १६: वर-खाली कृंतक दातांची एकेक जोडी आणि प्रत्येक बाजूला तीन दाढा. कृंतक दातांवर खाच नाही. खाच दिसली तर युनिओमिस किंवा निओटोमिसचा विचार करा.

गल्लत होते ती मुख्यतः ऑलिस्कोमिस सब्लिमिसशी. त्याचेही कान मोठे, तोही ५००० मीटरच्या आसपास राहतो, आणि पूर्वी तो फिलोटिस प्रजातीतच धरला जाई. फरक शेपटीत. सब्लिमिसची शेपूट आखूड, डोकं-धडाच्या जेमतेम निम्मी. अॅब्रोथ्रिक्स अँडिना असेल तर कान लहान आणि फर लांब, मऊ, करडी. एलिग्मोडोन्टिया असेल तर मागचा पाय उलटा करून बघा, तळव्यावर केसाळ गादी असते. तो वाळूवरचा प्राणी, वजनाने पानकान्याच्या निम्म्याहून कमी. कॅलोमिस लेपिडस त्याहून लहान, आखूड शेपटीचा.

इतपत ओळख प्रजातीपर्यंत नेते. व्हॅक्करम आहे की लिमॅटस, हे फक्त बाहेरून बघून ठरवू नये. लिमॅटस सरासरी फिका असतो, पण दोघांचे माप आणि रंग एकमेकांत मिसळतात.

---

मोजपट्टी

रानसायली, लिमॅटसचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची खूण करून ठेवतो. या दोघांत नुसत्या मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या अंगाच्या) डीएनएवर जात ठरवली तर फसायला होतं.

नेहमीची पद्धत म्हणजे सायटोक्रोम-बी जनुक वाचणं. पूर्ण जनुक सुमारे ११४० अक्षरांचं. बहुतेक ठिकाणी एमव्हीझेड ०५ आणि एमव्हीझेड १६ हे प्रायमर (वाचन जिथून सुरू करायचं तिथे चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पहिली ८०० च्या आसपास अक्षरं वाचली जातात. अँडीजच्या उंदरांचा जुना-नवा विदा बराचसा याच तुकड्याचा असल्यामुळे तुलना सोपी जाते. पण लिमॅटस आणि व्हॅक्करम या सख्ख्या बहिणी जाती आहेत, त्यांचे प्रदेश उत्तर चिलीत एकमेकांवर येतात आणि तिथे संकर आजही चालू आहे. पूर्ण जनुकसंच (सगळा डीएनए) वाचल्यावर हे स्पष्ट झालं. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. एका जातीच्या मादीचा वंश दुसऱ्या जातीत मिसळला की पुढच्या पिढ्यांचं शरीर एका जातीचं आणि मायटोकाँड्रिया दुसरीचा, असं होऊ शकतं.

म्हणून संकरपट्ट्यातल्या नमुन्यासाठी पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा डीएनए हवाच. नसेल तर चिठ्ठीवर 'फिलोटिस लिमॅटस किंवा व्हॅक्करम' लिहा. अर्धवट ओळख प्रामाणिकपणे नोंदवली तर पुढचा माणूस ती पूर्ण करतो. चुकीची ओळख ठामपणे लिहिली तर ती नकाशात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. सायटोक्रोम-बी वाचताना अधेमधे थांबा-संकेत (प्रथिन तिथेच संपवणारी खूण) आला, किंवा एकाच जागी दोन अक्षरांची शिखरं दिसली, तर बहुधा केंद्रकात जाऊन बसलेली जनुकाची जुनी प्रत वाचली गेली आहे. ते वाचन टाकून द्या, नव्या ऊतीतून पुन्हा काढा.

---

निशाचर_७

अधिवासाबद्दल. 'अँडीजमध्ये राहतो' एवढं लिहून भागत नाही, कारण या उंदराला डोंगरापेक्षा दगड महत्त्वाचा.

पुना म्हणजे साधारण ३५०० मीटरच्या वरचं उंच पठार. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे ते ओलसर, दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे कोरडं होत जातं. युयायाको कोरड्या टोकाला, आताकामाच्या पुनात आहे. खालून वर गेलं तर आधी तोलाची झुडपं लागतात, मग इचू गवताचे ताठ झुपके, मग यारेता. ही वनस्पती दगडावर हिरवी उशी ठेवावी तशी पसरते आणि फार सावकाश वाढते. ५००० मीटरच्या आसपास हिरवी झाडं संपतात. वर राहते ज्वालामुखीची राख, लाव्हाचे मोडलेले ठोकळे, सावलीत टिकून राहिलेला बर्फ.

पानकान्या या सगळ्या पट्ट्यांत सापडतो, पण एकाच प्रकारच्या जागी: लाव्हाच्या ठोकळ्यांची रास, ओढ्याकाठचा कडा, मेंढपाळांनी रचलेल्या दगडी भिंती. मोकळ्या गवताळ सपाटीवर दहा सापळे लावले आणि पन्नास पावलांवरच्या खडकात दहा लावले, तर पानकान्या खडकातल्या सापळ्यांत येतो.

कारण उष्णतेचं आहे. पातळ हवेत दिवसा दगड उन्हाने तापतो आणि रात्री उघडी जमीन झपाट्याने गार पडते. ठोकळ्यांच्या फटीत हा चढउतार उशिरा आणि कमी पोहोचतो. बाहेर पाणी गोठलेलं असताना आत, कोरड्या गवताच्या घरट्यात उंदीर अंग आक्रसून बसतो. या गटातल्या उंदरांना अन्न कमी पडलं की दिवसातले काही तास शरीराचं तापमान खाली आणून निपचित पडता येतं. आताकामातल्या पानकान्यात ही सुप्ती १९९१ मध्ये नोंदली गेली आहे. त्या निबंधात नाव 'डार्विनी रुपेस्ट्रिस' आहे, मोजपट्टींनी सांगितलेली वर्षाची खूणगाठ इथे उपयोगी पडते.

उंदीर निशाचर. त्याच्या मागावर असतात कुल्पेओ कोल्हा, अँडीज मांजर, घुबडं. घुबडांच्या ओकाऱ्या (न पचलेल्या हाडा-केसांचे गोळे) हा या भागातल्या लहान सस्तन प्राण्यांच्या यादीचा उत्तम स्रोत आहे. जबडा आणि दाढा शाबूत मिळतात आणि एकही प्राणी मारावा लागत नाही. फक्त घुबड किती लांबून शिकार आणतं ते माहीत नसतं, त्यामुळे ओकारीतल्या कवटीवरून उंचीची नेमकी नोंद करू नका.

---

कुडाचा_पाला

५००० मीटरला झाडं संपत असतील तर ६७३९ ला तो खातो काय? आणि एक उंदीर माथ्यावर सापडला यावरून तो तिथे 'राहतो' असं कसं म्हणायचं? वाट चुकून वर गेला असेल.

---

भूर्जपत्र

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याचा पुरावा फार सुंदर आहे.

एकच नमुना असता तर तुमची शंका टिकली असती. पण नंतर अँडीजमधल्या इतर ज्वालामुखींच्या माथ्यांवर वाळून गेलेले उंदीर मिळाले. सालीन ६०२९ मीटर, पुलार ६२३३ मीटर, कोपियापो ६०५२ मीटर. तिन्ही माथ्यांवर मिळून १३ ममी. थंड, कोरड्या, पातळ हवेत शरीर कुजत नाही, नुसतं सुकतं. कातडी हाडांना चिकटलेली, कान चुरगळलेल्या कागदासारखे, पण जागच्या जागी.

या उंदरांची जुनी ओळख पुरातत्त्वाशी जोडलेली आहे. या भागातल्या शिखरांवर इंकांची पूजास्थानं आहेत. युयायाकोच्या माथ्याजवळ १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कोन्स्तान्सा सेरुती यांच्या पथकाला इंका काळात अर्पण केलेल्या तीन मुलांची शरीरं मिळाली. ती आज अर्जेंटिनातल्या साल्ता शहरात आहेत. अशा जागी उंदरांचे अवशेष दिसले की साहजिकच वाटायचं, ते इंकांच्या सरपणातून किंवा धान्यातून वर आले असतील, किंवा बळी दिले असतील.

रेडिओकार्बनने (अवशेषांचं वय मोजायच्या पद्धतीने) ते निकालात काढलं. सालीन आणि कोपियापोवरचे उंदीर मरून फार तर काही दशकं झाली होती. पुलारवरचे जास्तीत जास्त ३५० वर्षांपूर्वीचे. इंका साम्राज्य १५३० च्या दशकात कोसळलं. म्हणजे सर्वांत जुना उंदीरही इंकांनंतर शतकभराने मेला. कोणी त्याला वर नेलं नाही, तो स्वतः चढला.

आता 'वाट चुकला' याबद्दल. लहान सस्तन प्राण्यांत घर सोडून दूर जाणारे बहुधा नर असतात. भरकटलेल्यांचाच ढीग असता तर त्यात नरच नर दिसले असते. जनुकसंचावरून नर आणि माद्या जवळपास सारख्याच निघाल्या. आणि सालीनवरच्या ममींमध्ये अगदी जवळचे नातलग सापडले, सख्खी भावंडं किंवा आई-बाप आणि पिल्लू इतक्या जवळचे. एकाच कुटुंबातले दोन उंदीर वेगवेगळे वाट चुकून त्याच सहा हजारी माथ्यावर मरतील, हे पटण्यासारखं नाही. जनुकांनी हे उंदीर खालच्या पायथ्याच्या व्हॅक्करमपेक्षा वेगळेही निघत नाहीत. वरची वस्ती खालच्या वस्तीशी जोडलेली आहे, ये-जा चालू आहे.

हवेचा विचार करा म्हणजे हे किती अवघड आहे ते लक्षात येईल. ६७३९ मीटरवर ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ४४ टक्के. आणि ५० ग्रॅमच्या प्राण्याला अंग गरम ठेवण्यासाठी सतत ऑक्सिजन जाळावा लागतो. थंडी ऑक्सिजन मागते आणि उंची तोच काढून घेते.

अन्नाबद्दल: दगडावरचे शैवाक (दगडफूल) आणि वाऱ्याने वर फेकलेले कीटक, बिया हे दोन मार्ग पुढे येतात. शेजारच्या सोकोम्पा ज्वालामुखीवर ५७५० मीटरच्या वर, जिथे जमिनीतून उबदार वाफ येते तिथे शेवाळ्याच्या गाद्या आहेत. सहा हजार मीटरवर उब आणि ओल मिळाली की हिरवं काही उगवतं, हे त्यातून कळतं. युयायाकोच्या उंदरांना हाच शेवाळाचा आधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

---

सातबारा

नातलगांचा मुद्दा फार पटला.

हिमालयाशी तुलना करताना काळजी घ्यायला हवी. मोठ्या कानांच्या पिकाची ६१३० मीटरची नोंद नेहमी दिली जाते, पण ती दिसल्याची नोंद आहे, तिचा नमुना नाही. शिवाय पिका हा कृंतकच नाही, तो सशाच्या गणातला. 'हिमालयापेक्षा अँडीजचे प्राणी काटक' असा निष्कर्ष यातून निघत नाही. उंच माथ्यांवर सापळे घेऊन फार कमी लोक गेले आहेत, इतकंच.

उंचीचा आकडाही तपासून घ्या. युयायाकोची उंची काही नकाशांवर ६७२३ दिलेली असते, निबंधात ६७३९. कुठला आकडा वापरला ते लिहा, दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका.

---

शिळावाट

जाती वेगळ्या होण्याचं कारणही इथेच नोंदवते. पूर्वी वाटायचं की अँडीज उचलला गेला तसतसे उंदीर वेगवेगळ्या खोऱ्यांत अडकले आणि जाती झाल्या. डीएनएच्या कालमापनात या प्रजातीतलं बहुतेक विभाजन गेल्या ३० लाख वर्षांतलं निघतं, आणि पठार उचललं जाण्याचा मुख्य काळ त्याच्या खूप आधीचा. मेळ बसतो तो हिमयुगातल्या कोरड्या-ओल्या फेऱ्यांशी. हवा कोरडी झाली की गवताचे पट्टे तुटतात, उंदीर खडकांच्या बेटांवर अडकतात. ओल परत आली की बेटं जोडली जातात आणि तुटलेल्या वस्त्या पुन्हा समोरासमोर येतात. लिमॅटस आणि व्हॅक्करमचा संकर अशाच भेटीचा वाटतो.

खडकाच्या बेटावर अडकलेली जात महाराष्ट्रात बघायची तर सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर आहे, मिलार्डिया कोंडाना, १९७५ मध्ये वर्णन झालेला. कुळ वेगळं, उंची पाचवा हिस्सा, पण माथ्यावरची लहान वस्ती आणि तिचा मोजकाच विस्तार या दोन गोष्टी समजायला तो जवळचा दाखला आहे.

---

रानसायली

सापळ्यांबद्दल विचारणारे निरोप आले, इथेच लिहिते. हे परवाना असलेल्यांसाठी. चिलीत परवाना शेती आणि पशुधन सेवेकडून घ्यावा लागतो, राष्ट्रीय उद्यानात वेगळा.

शर्मन सापळे, घडीचे, अॅल्युमिनियमचे, सुमारे ८ × ९ × २३ सेंटिमीटर. रांगेत १० मीटरवर एक हा नियम सपाटीसाठी ठीक. खडकात अंतर मोजत बसू नका, जिथे फट आहे, लेंड्या आहेत, दगडावर तेलकट काळसर घासलेली वाट आहे, तिथे लावा. सापळ्याचं तोंड फटीला समांतर आणि तळ घट्ट टेकलेला. डुगडुगणाऱ्या सापळ्यावर उंदीर पाय ठेवत नाही.

आमिष ओट, चमचाभर. नुसतं शेंगदाण्याचं लोणी रात्री दगडासारखं घट्ट होतं आणि त्याचा वासही पसरत नाही, म्हणून ओटात कालवून गोळी करा. त्यातली चरबी उंदराला रात्र काढायलाही लागते.

थंडीतलं मुख्य संकट म्हणजे सापळ्यातच उंदीर गारठून मरणं. धातू उष्णता ओढतो. प्रत्येक सापळ्यात मूठभर पॉलिएस्टरचा कापूस ठेवा. साधा कापूस उंदराच्या श्वासाने भिजतो आणि उलट गारवा देतो. सापळ्यावर चपटे दगड रचा, वरून आणि वाऱ्याच्या बाजूने. सूर्यास्ताला लावा, मध्यरात्री एकदा बघा, उजाडताच पुन्हा. उजाडल्यावर उशीर केला तर दुसऱ्या टोकाचा धोका, तेच पत्र्याचं डबडं उन्हात तापतं.

दार न पडण्याचं नेहमीचं कारण दव गोठून बसणं. बिजागरी आणि पायपट्टी लावण्याआधी कोरडी पुसा, पट्टीखाली राख जाऊ देऊ नका. कोल्हा सापळे उचलून नेतो, म्हणून प्रत्येक सापळा तारेने दगडाला बांधा आणि जागेची खूण लिहून ठेवा.

हाताळताना हातमोजे आणि एन-९५ मास्क. दक्षिण अमेरिकेत उंदरांपासून पसरणारे हंता विषाणू आहेत आणि वाळलेल्या लघवीची धूळ श्वासातून जाते. बंद तंबूत सापळे झटकू नका. उघड्यावर, वारा पाठीमागून असताना झटका.

---

सातबारा

नोंदचिठ्ठीचा नमुना देतो, सगळ्यांनी एकाच क्रमाने लिहिलं तर तुलना सोपी जाते.

एकूण लांबी – शेपूट – मागचा पाय – कान, सगळं मिलिमीटरमध्ये, मग वजन ग्रॅममध्ये. उदाहरणार्थ २४० – १२४ – २७ – २६ = ५२ ग्रॅम. त्यानंतर लिंग, प्रजननाची अवस्था, अक्षांश-रेखांश, उंची आणि उंची कशाने मोजली. 'खडक' एवढं लिहू नका. ठोकळ्यांचा अंदाजे आकार, जवळची वनस्पती, बर्फ किंवा पाणी किती अंतरावर, उतार कोणत्या दिशेला, हे लिहा. ऊती: यकृत आणि स्नायूचा तुकडा, मसुराच्या दाण्याएवढा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये, द्रव ऊतीच्या किमान पाचपट. मोठा तुकडा भरला तर आतपर्यंत इथेनॉल पोहोचत नाही आणि डीएनए तुटतो. पहिल्या दिवसानंतर इथेनॉल एकदा बदला.

संग्रहालयातला जुना नमुना असेल तर मूळ चिठ्ठी कधीही काढू नका. नवीन ओळख वेगळ्या चिठ्ठीवर, तारखेसह, आणि कशावरून ठरवली तेही.

---

मोजपट्टी

सातबारा, चिठ्ठीत एक भर. मागच्या पायाचं माप नखासह की नखाशिवाय, ते लिहाच. अमेरिकी पद्धतीत नखासह धरतात, ब्रिटिश पद्धतीत नखाशिवाय. थॉमस यांची १९१२ ची मापं नखाशिवायची आहेत असं धरून वाचा. फरक दीड-दोन मिलिमीटरचा पडतो, आणि या जातींमध्ये तेवढ्याने ओळख फिरते.

---

सातबारा

बरोबर. वरच्या उदाहरणातले २७ हे नखासह आहेत.